छोटीची भूक उघडली

रविवार, पंचवीस जानेवारी. रथसप्तमी. जागा आमची गच्ची, पंचवटी. वेळ संध्याकाळची, उन्हं उतरल्यावर.

हजर होत्या सासूबाई, मी, माझी धाकटी जाऊ, शेजारच्या तीन बायका आणि त्यांची मुलं, समोर पूजेच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या मामी. पुरुषांपैकी फक्त धाकटे दीर, मोबाइल घेऊन. आमचे हे खाली गल्ल्यावर, कारण रविवार होता आणि पंगत चालू होती. आणि पाटावर, काळा फ्रॉक घालून, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती छोटी. जावेची मुलगी. पावणेचार वर्षांची.

कोण होतं, कोण नव्हतं हे आधी लिहून टाकलं की मला पुढचं नीट आठवतं. कामाची सवय आहे ती. खाली आमचं यात्रेकरूंसाठी भोजनालय आणि वर घर. किराणा, भाजी, गॅस, आचाऱ्यांच्या सुट्ट्या हे सगळं लग्न झाल्यापासून हळूहळू माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. त्यामुळे त्या दिवशीची तयारीही माझीच.

बोरन्हाण पहिल्या संक्रांतीला करतात. छोटीच्या पहिल्या संक्रांतीला ती मानसुद्धा धरत नव्हती. नंतरची दोन वर्षं दवाखान्यात आणि व्यायामाच्या बाईंकडे गेली. पाचव्या वर्षाच्या आत उरकायला हवं असं सासूबाईंचं म्हणणं, म्हणून यंदा.

मापट्यात काय घालायचं ते जावेनं आणि मी आदल्या दिवशी ठरवलं होतं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा. गोळ्या, चॉकलेट, रेवड्या नाहीत. शेजारणींनाही आधीच सांगून ठेवलं होतं. सासूबाईंनी वाद घातला नाही, याचं मला जरा आश्चर्य वाटलं. गोड काही मुलीच्या आसपास येणार नाही अशी आम्ही दोघींनी पक्की व्यवस्था केली आणि मग माझ्याच हातानं मी तिच्या गळ्यात हलव्याचा हार घातला, कपाळावर हलव्याची बिंदी बांधली, हातात हलव्याच्या बांगड्या. दागिने म्हणजे दागिने. ती साखर आहे हे आमच्या दोघींच्या डोक्यातच आलं नाही.

औक्षण झालं. सासूबाईंनी मापटं डोक्यावर ओतलं, बोरं टपाटप पडली, मुलं तुटून पडली. कोणी बोरं वेचली, कोणी करवा पळवला. छोटी हलली नाही. मला वाटलं, गोंधळाला घाबरली. तिचं सगळंच सावकाश असतं. मुलं पांगली, मी खराटा आणायला वळले आणि मामींचा आवाज आला.

"अगं बाई, नवरी दागिने खाऊन बसली."

सगळ्या हसल्या. छोटीच्या एका हातातली बांगडी गेली होती. हार तिनं तोंडात धरला होता आणि ती शांतपणे, एका लयीत चावत होती. दोरा, त्यावरची सोनेरी जर, हलवा, सगळं. चेहऱ्यावर ना आनंद, ना खोडकरपणा. काम करणाऱ्या माणसाचा चेहरा.

सासूबाईंचे डोळे भरून आले. "खातीये," त्या म्हणाल्या. "आपल्या हातानं खातीये पोर."

दीर व्हिडिओ काढत होते. जाऊ गच्चीच्या कठड्याकडे तोंड करून उभी होती.

मी खाली बसले आणि तिच्या तोंडातून दोरा ओढायला लागले. तो संपेना. तिनं दात आवळले आणि माझं बोट मध्ये सापडलं. मी ओरडले नाही, मुलं होती. तिच्याकडे पाहिलं तर ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या दुसऱ्या हातात तिची उरलेली बांगडी होती, तिच्यावर तिचे डोळे होते. मला भीती वाटते असं मी सहसा म्हणत नाही. त्या दिवशी पाट उचलताना मला तो दोनदा खाली ठेवावा लागला.

का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

छोटी जन्मली तेव्हा रडली नाही. ओल्या फडक्यासारखी होती. उचललं की हात-पाय खाली लोंबायचे. दूध ओढायची ताकद नव्हती. आधी काचेच्या पेटीत नळीनं, मग घरी बोंडल्यानं, थेंब थेंब. ज्या घरात सकाळपासून शेकडो माणसं जेवून जातात त्या घरात एक बाळ अर्धी वाटी दूध प्यायलं म्हणून आम्ही एकमेकींना हाका मारून सांगायचो. सासूबाई रोज दृष्ट काढायच्या. आणि रोज, जाऊ ऐकेल इतक्या आवाजात, तिच्या माहेरच्यांची तब्येत कशी तोळामासा आहे ते मामींना ऐकवायच्या.

इथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. गुणसूत्रांची साधी तपासणीही केली. सगळं बरोबर. शेवटी त्यांनी रक्त मुंबईला पाठवलं आणि अहवाल आल्यावर आम्हाला तिकडच्या जनुकांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायला सांगितलं. गाडीत जाऊ, दीर, छोटी आणि मी. मी का, तर वहिनी नीट ऐकून घेतील असं दिरांचं म्हणणं.

बाईंनी कागदावर दोन पट्ट्या काढल्या. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. बहुतेक जनुकं दोन्ही पट्ट्यांवरची काम करतात, त्या म्हणाल्या, एक बिघडलं तर दुसरं सांभाळून घेतं. पण थोडी जनुकं अशी आहेत की शरीर त्यांतलं एकच चालू ठेवतं. दुसऱ्यावर बारीक रासायनिक खुणा चिकटवून ते बंद करून टाकतं. कोणतं बंद करायचं, ते कुणाकडून आलं यावर ठरतं. पंधराव्या गुणसूत्रावर असा एक तुकडा आहे. तिथली काही जनुकं आईकडून आली की बंद, वडिलांकडून आली की चालू. सगळ्या माणसांत असंच. छोटीच्या बाबतीत वडिलांकडचा तो तुकडाच गळाला होता. का गळाला याला कारण नाही. कोणाच्या खाण्यानं नाही, कोणाच्या वागण्यानं नाही.

मी विचारलं, "पण आईकडचा आहे ना?"

"आहे. पुरा आहे. त्यात एक अक्षर चुकलेलं नाही. गळालेला तुकडा इतका बारीक की साध्या तपासणीत दिसला नाही. पण आईकडचा बंद आहे."

मी माझ्या समजुतीसाठी म्हटलं की आमच्याकडे गॅसच्या टाक्या जोडीनं लावतो. एक चालू, एक भरलेली, सील न तोडलेली. बाई म्हणाल्या, तसंच समजा. फरक एवढाच की तिच्या शरीराला ते सील तोडता येत नाही.

"आणि बाहेरून?"

"प्रयोगशाळांत लोक त्याच्यामागे लागलेत. आज माझ्या हातात तसं औषध नाही."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. हाच तुकडा आईच्या बाजूनं गळाला असता तर वेगळाच आजार झाला असता. ती मुलं बोलत नाहीत, त्यांना झटके येतात, आणि ती खूप हसतात. तुकडा तोच. कुणाच्या बाजूचा गेला त्यावर मूल वेगळं. परत येताना मी गाडीच्या काचेतून रस्त्यावरची माणसं बघत होते. भेळेची गाडी, स्कूटरवरचं जोडपं, टोलवरचा मुलगा. ही सगळी त्या तुकड्यापुरती एकाच टाकीवर चालली आहेत आणि कुणालाच माहीत नाही. माझी स्वतःची दोन मुलं, आता शिकायला बाहेरगावी असतात ती, त्याच एका टाकीवर मोठी झाली आणि मी त्यांना डबे भरून देत राहिले.

दिरांनी त्या खोलीत एकच प्रश्न विचारला होता, माझं काही चुकलं का म्हणून. बाईंनी नाही म्हटलं. कसारा घाट चढून इगतपुरीला थांबलो तेव्हा त्यांनी तोच प्रश्न मला विचारला. घरी सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं, त्या पट्ट्या मीच पुन्हा काढून दाखवल्या. त्यांनी वडिलांकडच्या पट्टीवर बोट ठेवलं. "म्हणजे माझ्या पोराकडचं गळालं," त्या म्हणाल्या आणि उठून देवघरात गेल्या. जावेच्या माहेराचा विषय त्यानंतर या घरात निघाला नाही.

पण खरी भीतीची गोष्ट बाईंनी शेवटी सांगितली होती, आणि ती सासूबाईंच्या कानात शिरली नाही. या मुलांचं आधी खाणं होत नाही. मग काही वर्षांनी, कधी ते सांगता येत नाही, भूक उघडते. ती भरत नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जातच नाही. पोटात दुखलेलं त्यांना फारसं कळत नाही, उलटी सहज होत नाही, त्यामुळे नको इतकं खाल्लं तरी बाहेरून काही दिसत नाही आणि जिवावर बेततं. हातातलं हिसकावून घेण्यानं उपयोग नाही, रागावून तर नाहीच. अन्न कुलपात ठेवायचं, वेळेवर मोजकं द्यायचं, आणि मधल्या वेळेत मिळणार नाही हे तिला स्वच्छ माहीत असू द्यायचं. मिळेल की काय या आशेनंच ही मुलं जास्त हैराण होतात.

"घरात अन्न कुठे कुठे असतं?" त्यांनी विचारलं.

 मी सांगितलं की आमचं भोजनालय आहे. त्यांचं पेन थांबलं.

त्या दिवसापासून आम्ही वाट बघत होतो. वाट बघायची म्हणजे काय करायचं हे मला कोणी सांगितलं नाही. मूल एक घास जास्त मागतं आणि सगळं घर खूश होतं, तेव्हा मी तो घास भरवताना मनात म्हणायची, हा घास तिचा आहे की त्या दुसऱ्या गोष्टीचा. रोज संध्याकाळी तिला वाढीचं इंजेक्शन द्यायचं असतं, ते द्यायला सगळ्यांत स्थिर हात माझा. पण तिनं पोळीचा तुकडा उचलला की माझं लक्ष उडायचं.

सासूबाईंचं मात्र वेगळंच चाललं होतं. त्यांच्या लेखी आजार म्हणजे न खाणं. त्यांनी नवस बोलला होता, पोर आपल्या हातानं पोटभर खाईल त्या दिवसापासून अमुक इतके सोमवार तिला घेऊन देवाला जाईन आणि पेढे वाटेन. गच्चीवर तो नवस फळला. मी त्यांना सांगायला गेले. नीट, मुद्द्यानं सांगितलं. त्यांनी माझं सगळं ऐकलं.

"मोठे," त्या म्हणाल्या, "चार वर्षं लेकरू खाईना म्हणून जीव तुटला माझा. आता खातंय तर तू म्हणतेस हाच आजार. मग बरं कशाला म्हणायचं?"

मी खाली जाऊन दुसऱ्या दिवशीचा किराणा लिहायला घेतला.

त्यानंतर छोटी बदलत गेली. एकदम नाही. फोडणीचा वास आला की ती खेळ सोडून उठायला लागली. कुठला डबा कसा वाजतो ते तिला कळायला लागलं. पाहुणा आला की त्याच्या चेहऱ्याकडे न बघता पिशवीकडे बघायची. आणि गोड झाली. देणाऱ्याच्या गळ्यात पडायची, गालाची पापी घ्यायची. मामी म्हणायच्या, काय लाघवी पोर झाली हो तुमची. पंचवटीत लहान मुलाला रिकाम्या हातानं कोणी पाठवत नाही. फूलवाला साखरफुटाणे देतो, देवळातून येणारी परकी बाई ओंजळीत प्रसाद ठेवते, आमचे वाढपी जाता-येता पापड देतात. प्रसादाला नको कसं म्हणायचं. मी एकेकाला गाठून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक फूलवाला तर म्हणाला, वहिनी, एका फुटाण्यानं काय होतंय, आणि मी तिथे उभी असतानाच त्यानं तिच्या मुठीत एक ठेवला.

महाशिवरात्रीनंतरचा सोमवार. त्र्यंबकेश्वराहून परतणाऱ्या यात्रेकरूंची खाली रीघ होती आणि सिंहस्थाच्या कामासाठी आमचा रस्ता खणून ठेवलेला, त्यामुळे भाजीचा टेम्पो लांब थांबला होता. मी पोती उतरवून घेत होते. सासूबाई छोटीला घेऊन देवाला गेल्या होत्या. येतात त्या वेळेपेक्षा बऱ्याच उशिरा आल्या. छोटी कडेवर. त्यांच्या वयाला आणि गुडघ्यांना तिला उचलणं झेपत नाही. त्या माझ्याजवळून सरळ वर गेल्या, मोरीत तिचे हात-तोंड धुतले, पुन्हा धुतले. मी वर गेले तेव्हा त्या तिसऱ्यांदा धूत होत्या.

मग त्यांनी मला सांगितलं, हळू आवाजात, आणि वाक्य मध्येच सोडत. देवळाच्या पायरीवर त्या ओळखीच्या बाईशी बोलत बसल्या. मूल शेजारी होतं, मग नव्हतं. त्यांना वाटलं पेढेवाल्याकडे गेली असेल. तिथे नव्हती. नदीकडे गेली असेल या भीतीनं त्या घाटावर धावल्या. तिथे एका कुटुंबाचा दहावा चालला होता. कठड्यावर पिंड ठेवून माणसं कावळ्याची वाट बघत लांब उभी होती. कावळे भिंतीवर होते, पण शिवत नव्हते. आणि कठड्यापाशी आमची छोटी मांडी घालून बसली होती, दोन्ही हातांनी पिंडाचा भात खात.

मी विचारलं, त्यांनी तिला हाकललं नाही?

सासूबाई म्हणाल्या नाही. तेच तर. त्या माणसांना काय करावं कळेना. मग त्यांच्यातली एक बाई रडायला लागली, आमच्या आईला लहान पोरांचं फार वेड होतं म्हणाली. त्यांना वाटलं म्हातारीची इच्छा राहिली होती ती अशी पुरी झाली. ती माणसं पुढे आली आणि त्यांनी छोटीला हात जोडले. एकानं दुसरा पिंड तिच्यापुढे सरकवला.

"आणि तिनं तोही उचलला गं," सासूबाई म्हणाल्या. "मी ओढलं तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कावळा शिवला नाही त्याला, आणि आपली पोर..."

त्या मोरीच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "कुलूप आण. आजच आण. धाकटीला मात्र यातलं कळू देऊ नकोस, ती कोसळेल."

मी आधी आमच्या बालरोगतज्ज्ञांना फोन केला. पोट फुगतंय का, मलूल दिसते का, यावर लक्ष ठेवायला त्यांनी सांगितलं, थोडीही शंका आली तर लगेच घेऊन या म्हणाले. दुपारभर मी दर थोड्या वेळानं तिच्या पोटाला हात लावत होते. मऊ होतं. ती माझ्या हाताकडे बघून विचारत होती, "काकू, आज जेवायला काय?"

जावेला न सांगण्यात मला अर्थ दिसत नव्हता. संध्याकाळी ती शाळेतून आली, बालवाडीत शिकवते ती, तेव्हा मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि सांगितलं. पिंडाचंही सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघवेना म्हणून मी चादरीची घडी घालत होते. ती रडली नाही. उठली, कपाटातला छोटीच्या कपड्यांचा खण उघडला आणि मला दाखवला. जुन्या झबल्यांच्या खाली कणकेचे वाळलेले गोळे, कच्चा बटाटा दातांनी कुरतडलेला, देवघरातलं खोबरं, एक मेणबत्तीचा तुकडा, त्यावरही दात.

"मला दिवाळीपासून माहीत आहे, ताई," ती म्हणाली. "मी रोज रिकामा करते. मोठ्यानं बोलले असते तर खरं झालं असतं."

म्हणजे गच्चीवर ती कठड्याकडे तोंड करून उभी होती तेव्हा तिला काही नवीन दिसलं नव्हतं. फक्त सगळ्यांसमोर दिसलं होतं.

मी तिला म्हटलं की आता एकटीनं खण रिकामा करायचा नाही. ती म्हणाली, तिला एका गोष्टीची चीड येते. तिनं तिच्याकडचं सगळं दिलं होतं मुलीला. पुरं, धड, एकही चूक नसलेलं. आणि ते तिच्याच अंगात, अंडं तयार होतानाच, कुलूप लावून दिलं गेलं. तिला न विचारता. मी म्हटलं, सगळ्यांचं तसंच आहे, माझंही. ती म्हणाली, हो, पण तुमच्या मुलांकडे दुसरं होतं.

पुढच्या आठवड्यात मी कामं उरकली. वरच्या फ्रिजला कडी आणि कुलूप. ओट्याखालच्या कपाटांना कुलपं. धान्याचे डबे वरच्या फडताळात, त्याला कुलूप. देवघरातला नैवेद्य दाखवून लगेच उचलायचा, हे सासूबाईंनी स्वतः ठरवलं आणि उरलेल्या सोमवारांचं काय करायचं ते देवाला त्यांनीच विचारलं असावं, कारण त्या आता एकट्या जातात. किल्ल्या एका दोऱ्यात, माझ्या आणि जावेच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या आत. छोटीला घालायची आहे त्या बालवाडीतल्या बाईंना आणि मदतनीसांना भेटून झालं. वाढप्यांना समोर बसवून सांगितलं, आणि या वेळी मी आवाज चढवला. छोटीला जेवणाच्या वेळांची चित्रं काढून भिंतीला लावली. ती त्यांच्यासमोर उभी राहून बोट ठेवते आणि मला विचारते, आता हे की आता हे. वेळ झाली की ताट येतं हे तिला कळायला लागलं आहे, आणि खरंच, कुलूप दिसल्यावर ती थोडी निवली. मला वाटलं होतं ती कुलपावर डोकं आपटेल. ती फक्त रोज सकाळी सगळी कुलपं एकदा ओढून बघते.

राहिलं जिन्याचं. भोजनालयातून घरात येणारा आतला जिना उघडाच आहे, पहिल्यापासून. त्याच्या तळाशी आचाऱ्यांची भट्टी, वरणाची पातेली, उकळतं तेल. पूर्वी छोटी जिना उतरत नसे, पायांत जोर नव्हता. आता उतरते, बसत बसत, पायरी पायरी. दोन वेळा तिला अर्ध्यातून उचलून आणलं आहे. वरच्या बाजूला दार करायचं ठरवलं, सुताराला बोलावून मापं दिली.

दिरांनी त्याला परत पाठवलं. सुतार दुसऱ्यांदा आला तेव्हा चौकट बसवू दिली, पण दार नको म्हणाले, बघू अजून थोडे दिवस. मी त्यांना गोदामात गाठलं. ते तांदळाच्या पोत्यांवर बसले होते. मी तेलाचं सांगितलं, पातेल्यांचं सांगितलं. घाटावरचं त्यांना अजून कोणी सांगितलेलं नव्हतं, तेही सांगितलं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले.

"वहिनी," ते म्हणाले, "मुलीला एक गोष्ट बापाकडूनच मिळायची होती. ती माझ्याकडून गेली नाही. आता तिच्या तोंडावर दार पण मीच लावू?"

मी म्हटलं की दार सुतार लावेल, तुम्ही फक्त हो म्हणा. ते उठून पंगतीत वाढायला गेले. खालच्या लोकांना आग्रह करकरून वाढत होते, मला वरपर्यंत ऐकू येत होतं.

त्याला आता बरेच दिवस झाले. होळी होऊन गेली. चौकट जागेवर आहे. दाराची फळी रंग देऊन गोदामात भिंतीला टेकवून ठेवली आहे. बिजागऱ्या, स्क्रू, बाहेरून लावायची कडी एका पिशवीत, पिशवी माझ्या कपाटात. सुतार म्हणतो अर्ध्या तासाचं काम आहे, निरोप आला की लगेच येतो. तोपर्यंत दिवसभर आमच्यापैकी कोणीतरी एक जण वरच्या पायरीवर बसून असतं. आज दुपारी माझी पाळी आहे, मी हे तिथेच बसून लिहिते आहे. खाली भजी पडायला लागली आहेत. छोटी माझ्या पाठीमागे येऊन उभी आहे, माझ्या खांद्यावरून खाली बघते आहे, आणि तिचा श्वास माझ्या कानाशी लागतो आहे.

दिरांचा होकार घ्यायचा आहे. दार बसवायचं आहे.